रिसॉर्टची जुनी कयाक गरवायला कशी तयार करावी

मे संपत आला की कोकणात आणि गोव्यात जलक्रीडा बंद होतात. कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या अरुंद होड्या, भाड्याने देणारे त्याच सुमारास आपला माल तपासतात आणि पुढच्या मोसमात गिऱ्हाइकाच्या हाती द्यायची लाज वाटेल अशा कयाक काढून टाकतात. गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, स्वस्तात कयाक मिळवायची हीच वेळ. पुढचे तीन-चार महिने नवख्या माणसाने पाण्यात उतरायचंच नसतं, त्यामुळे दुरुस्तीला घाई नसते.

हा लेख एकाच जातीच्या कयाकबद्दल आहे: प्लास्टिकची, आतून पोकळ, वर बसायची. रिसॉर्टवर पिवळ्या, केशरी रंगाच्या दिसतात त्याच. लांबी १० ते १२ फूट, वजन साधारण २५ ते ३० किलो. फायबरची किंवा हवा भरायची कयाक असेल तर तिची दुरुस्ती पूर्ण वेगळी, इथलं काही तिला लावू नका.

कामाचा क्रम आधीच ठरवून घ्या. पहिलं, पाणी आत येता कामा नये. दुसरं, आलंच तर कयाक बुडता कामा नये. गरी (मासे धरायची काठी) ठेवायच्या नळ्या, नांगर, डबे हे सगळं त्यानंतर. नवखी मंडळी हमखास उलटं करतात. व्हिडिओ बघून रॉड होल्डर आधी मागवतात आणि तळाला भेग आहे हे पाण्यात गेल्यावर कळतं.

घेताना काय बघायचं

या कयाक रोटोमोल्डिंगने बनतात. साच्यात प्लास्टिकची पूड घालून साचा तापवत सगळ्या बाजूंनी फिरवतात, पूड वितळून आतल्या भिंतीला सारखी बसते. तुमच्या गच्चीवरची पाण्याची टाकीही अशीच बनते आणि प्लास्टिकही बहुधा तेच, एलएलडीपीई जातीचं पॉलिइथिलीन. हे लक्षात ठेवा, दुरुस्तीच्या वेळी या नात्याचा फार उपयोग होतो.

या प्लास्टिकचा खरा शत्रू ऊन. वर्षानुवर्षं किनाऱ्यावर उघड्यावर पडलेली कयाक वरून पांढुरकी होते, हात फिरवला की खडूसारखी भुकटी लागते. रंग उडाला म्हणून घाबरायचं कारण नाही, पण प्लास्टिक ठिसूळ झालंय का ते बघावं लागतं. कटरच्या पात्याने कडेचा, न दिसणाऱ्या जागेचा एक बारीक पापुद्रा काढा. लांब, लवचीक, गुंडाळत जाणारी साल निघाली तर माल जिवंत आहे. साल न निघता चुरा पडत असेल तर पैसे खिशात ठेवा आणि चहा पिऊन परत या. असल्या प्लास्टिकची एक भेग सांधाल तर शेजारी दुसरी पडेल.

मग कयाक उलटी करायला सांगा. तळावरचे ओरखडे मोजत बसू नका. कालवांच्या खडपांवरून ओढलेल्या कयाकच्या तळाला रेघोट्या असणारच आणि त्यांनी काही बिघडत नाही. नख अडकेल एवढी खोल चर असेल तर मात्र थांबून बघा. तीन जागा नीट तपासायच्या.

एक, स्कपर. बसायच्या जागेतलं पाणी खाली जावं म्हणून कयाकला आरपार भोकं असतात, त्यांना स्कपर म्हणतात. या भोकांची नळी वरचा पृष्ठभाग आणि तळ यांना जोडते, त्यामुळे सगळा ताण तिथे येतो. त्यात भर म्हणून रिसॉर्टवाले चाकांच्या गाडीचे दांडे याच भोकांत घालून भरलेली कयाक वाळूतून नेतात. जुन्या कयाकची भेग सापडली तर दहातल्या बहुतेक वेळा इथेच सापडते. मोबाईलचा टॉर्च लावून प्रत्येक नळीत वरून आणि खालून बघा, बोट फिरवा.

दोन, मागच्या टोकाचा तळ. माणसं पुढचं हँडल धरून कयाक ओढतात, मागचं टोक जमिनीवर घासत जातं आणि तिथलं प्लास्टिक झिजून पातळ होतं. अंगठ्याने दाबा. आजूबाजूपेक्षा तिथे सहज दबत असेल तर पुढेमागे तिथे वेल्डिंगचा थर द्यावा लागेल.

तीन, आधी कुणी केलेली दुरुस्ती. एम-सील, एरल्डाइट, डांबरी टेप, सिलिकॉन असं काहीही थापलेलं दिसेल. पॉलिइथिलीनला यातलं काही नीट धरत नाही. ते निघून येतं ही चांगली गोष्ट, पण खाली किती लांब भेग आहे ते निघाल्यावरच कळतं. थापलेला गोळा दिसला की मालकाला तिथल्या तिथे उपटायला सांगा. तो नाही म्हणाला तर किंमत पाडून मागा.

तळ आत दबलेला, पोचा आलेला असेल तर ते दुखणं किरकोळ. उन्हात दोन फळ्यांवर चुकीची ठेवली की असं होतं. मे महिन्याच्या भर उन्हात पोचा आलेली बाजू वर करून दुपारभर ठेवा, प्लास्टिक मऊ झालं की हॅचमधून (वरच्या बाजूच्या झाकणाच्या तोंडातून) हात घालून आतून दाबा. बऱ्याचदा तेवढ्याने पूर्ववत होतं. हट्टी पोचा असेल तर आधी जाड फडक्याने गरम पाण्याचा शेक द्यायचा. निघाला नाही तरी कयाक थोडी एका बाजूला ओढते इतकंच, मासे त्याची तक्रार करत नाहीत.

शेवटी ती उचलून हलवा. आत पाणी खळखळलं तर विचारा कुठून आलं. आतलं पाणी काढायचं बूच उघडून वास घ्या. महिनोन्‌महिने बंद असलेल्या पोकळीत उंदीर, मुंग्या आणि कुंभारीण माशीची मातीची घरटी यांचा संसार असतो, तो धुवून निघतो, पण गाडीवर चढवण्याआधी माहीत असलेला बरा.

किमतीबद्दल माझं मत साफ आहे. भेग नसलेल्या जुन्या कयाकला नव्याच्या निम्म्याहून जास्त देऊ नये. स्कपर फुटलेली असेल तर आणखी बरीच कमी. वल्हं आणि लाइफ जॅकेट फुकट देतो म्हणाला तर वल्हं घ्या, जॅकेट त्याच्याकडेच ठेवा. भाड्याची जॅकेटं उन्हाने आणि मिठाने खाल्लेली असतात.

गळती शोधणं

घरी आणल्यावर कयाक आतून-बाहेरून धुवा, पूर्ण वाळवा. मग ती उंचावर ठेवा, दोन प्लास्टिकच्या खुर्च्यांवर टायर टाकून छान बसते. हॅचमधून आत दहा-बारा लिटर पाणी ओता. बाहेरची बाजू कोरडी असायला हवी, नाहीतर काय गळतंय ते कळणार नाही. आता कयाक हळूहळू पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे कलती करा आणि प्रत्येक वेळी मिनिटभर थांबा. जिथे थेंब धरेल तिथे मार्करने गोल करा. स्कपरच्या नळीतल्या बारीक भेगा अशा सापडतात.

दुसरी रीत हवेची. स्कपर आणि हँडलांभोवती साबणाचं पाणी लावायचं आणि बुचाच्या भोकातून ब्लोअरने किंवा उलट्या बाजूने लावलेल्या व्हॅक्युम क्लीनरने हलकी हवा सोडायची. बुडबुडे आले तिथे गळती. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर मात्र लावू नका, पोकळ भांडं आहे, शिवण नसलेल्या जागीही फाटेल.

पुष्कळदा असं निघतं की तळ ठणठणीत आहे आणि पाणी येतंय ते हॅचच्या सुकलेल्या रबरातून, बुचाच्या वायसरमधून किंवा कुणीतरी हँडल बसवताना पाडलेल्या भोकातून. मग वेल्डिंगची भानगडच नाही. रबर बदला आणि लेखातला पुढचा, भेग सांधण्याचा भाग सोडून द्या.

भेग सांधणं

पॉलिइथिलीन चिकटवून सांधत नाहीत, वितळवून सांधतात. त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत, मेणचट असतो, कुठलाही साधा गोंद त्यात रुतत नाही. गावात प्लास्टिकच्या टाक्या वेल्ड करून देणारा कारागीर असेल तर पहिली कयाक त्याच्याकडून करून घ्यावी असं मी म्हणेन. तो रोज हेच प्लास्टिक हाताळतो. पण स्वतः करायचं असेल तर साधनं फार नाहीत: तापमान कमीजास्त करता येणारी हीट गन, तिला बसणारं वेल्डिंगचं बारीक तोंड, चपट्या टोकाचा सोल्डरिंग आयर्न, कटर, खरवडायचं पातं, पॉलिश पेपर आणि एलएलडीपीईची वेल्डिंग काडी.

काडी मिळाली नाही तर फुटलेल्या पाण्याच्या टाकीच्या तुकड्यातून पेन्सिलीपेक्षा बारीक पट्ट्या कापा. काळ्या टाकीची पट्टी केशरी कयाकवर दिसायला विचित्र दिसते, पण धरते. बादली किंवा खुर्चीचं प्लास्टिक घेऊ नका, ती बहुतेक पॉलिप्रॉपिलीनची असतात आणि ते पॉलिइथिलीनमध्ये मिसळत नाही.

आधी एक परीक्षा. कयाकच्या कडेचा पापुद्रा काढून त्याला आयर्नचं टोक लावा. वितळून तुकतुकीत, वाहतं झालं तर वेल्डिंग होईल. काही कयाक क्रॉसलिंक जातीच्या पॉलिइथिलीनच्या असतात. त्यांचं प्लास्टिक मऊ होतं पण वाहत नाही, नंतर करपतं. अशा कयाकवर वेल्डिंगचा हट्ट धरू नका. तिला लवचीक, प्लास्टिकसाठीचं इपॉक्सी लावतात, आणि लावण्याआधी गॅस टॉर्चची निळी ज्योत पृष्ठभागावरून झरझर फिरवतात. ज्योतीने वरचा थर बदलतो आणि इपॉक्सी धरतं. ज्योत एका जागी थांबवायची नाही.

वितळणारं प्लास्टिक असेल तर पुढची कृती अशी. भेगेच्या दोन्ही टोकांना ३-४ मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे भेग पुढे सरकणार नाही. भेग दिसते त्याच्या थोडी पुढे संपते, तेव्हा भोकही तेवढं पुढे. मग कटरने भेगेवर व्ही आकाराची चर करा. चर जाडीच्या निम्म्याहून थोडी जास्त खोल हवी, आरपार नको. चरीच्या आजूबाजूची बोटभर जागा पॉलिश पेपरने घासा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. अल्कोहोल उडून गेल्यावर, अगदी वेल्डिंगला बसायच्या क्षणी, पात्याने वरचा थर पुन्हा खरवडा. हे खरवडणं लोक टाळतात आणि सांधा तिथेच सुटतो. उन्हा-हवेने जुना झालेला थर नव्या प्लास्टिकला धरू देत नाही. काडीलाही तसंच खरवडा.

हीट गनमधून निघणारी हवा २५० ते ३०० अंशांच्या दरम्यान असावी. पॉलिइथिलीन साधारण १२५ अंशांना वितळतं, पण हवेतून प्लास्टिकपर्यंत उष्णता पोचायला तेवढी गरमी लागते. काडी आणि चर दोन्हींवर एकदम हवा फिरवत राहा. दोघांचा पृष्ठभाग चकाकायला लागला की काडी चरीत उभी दाबत, सावकाश पुढे न्या. सावकाश म्हणजे खरंच सावकाश, मिनिटाला काही सेंटिमीटर. फक्त काडी वितळली आणि खालची चर थंड राहिली तर वरून सुरेख दिसणारा सांधा तयार होतो आणि थंड झाल्यावर नखाने उचकटून हातात येतो. प्लास्टिक तपकिरी झालं किंवा धूर आला तर गरमी जास्त आहे, तो भाग खरवडून पुन्हा करा. काम मोकळ्या हवेत, धूर तोंडावर न घेता करा. पावसाळ्यात ओसरीवर केलंत तरी चालेल, मात्र प्लास्टिक दमट नको. आधी गरम हवेने सुकवून घ्या.

कयाकवर हात ठेवण्याआधी फुटक्या टाकीच्या दोन तुकड्यांवर सराव करा. सांधा थंड झाल्यावर तो वाकवून बघा. सांधा सोडून शेजारचं प्लास्टिक वाकलं तर तुम्हाला जमलं.

स्कपरच्या तोंडाशी किंवा ताण येणाऱ्या जागी नुसती काडी पुरत नाही. तिथे स्टेनलेसची बारीक जाळी भेगेवर ठेवून सोल्डरिंग आयर्नने प्लास्टिकमध्ये दाबून बुडवतात, वरून काडीचा थर देतात. जाळीचं एकही टोक बाहेर राहू देऊ नका, पायाला लागेल आणि पाणीही तिच्याकडेने आत शिरेल. सांधा आपला आपण थंड होऊ द्या, पाणी ओतून थंड करायची घाई नको. दुसऱ्या दिवशी गळतीची तीच चाचणी पुन्हा.

बुडू नये म्हणून

हा भाग लोक वगळतात, कारण तो दिसत नाही. पोकळ कयाक पाण्याने भरली की तिचं प्लास्टिक जेमतेम पाण्याबरोबर राहतं, कारण पॉलिइथिलीन पाण्यापेक्षा अगदी थोडं हलकं. त्यावर तुम्ही, नांगर, सामान. खाडीच्या मधोमध तिच्यावर चढून बसणं तर सोडाच, ती ओढत नेणंही होत नाही. म्हणून आतली जागा अशा वस्तूंनी भरायची ज्या पाणी पीत नाहीत. सगळ्यात सोपं म्हणजे कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या रिकाम्या, झाकण घट्ट लावलेल्या बाटल्या. एक लिटर हवा साधारण एक किलो वजन उचलते, म्हणजे अशा वीस बाटल्या चाळीस किलोंचा भार तोलतात. पोहण्याचे फोमचे दांडे मिळाले तर उत्तम, ते हॅचमधून सरळ आत जातात. थर्माकोल घालू नका, झिजून त्याच्या गोळ्या होतात आणि त्या बुचात अडकतात. बाटल्या मोकळ्या सोडू नका, जाळीच्या पिशवीत भरून पुढच्या आणि मागच्या टोकाला बांधा. मध्ये सगळ्या जमल्या आणि एक टोक पाण्याने भरलं की कयाक उभी राहते.

भाराचा हिशेबही इथेच करून टाका. कयाकवर १५० किलो क्षमता लिहिली असेल तर शंभराच्या आसपास थांबा. लिहिलेला आकडा म्हणजे ती कशीबशी तरंगेल तो भार, त्यावर बसून मासा ओढता येईल तो भार नव्हे. ७५ किलोंचा माणूस, १५ किलो सामान, पाणी-डबा, झाला कोटा.

आधी भोक न पाडता

पहिले काही महिने ड्रिल घराबाहेर काढू नका असा माझा आग्रह आहे. कुठली वस्तू कुठे हाताला येते हे पाण्यात बसल्याशिवाय कळत नाही. गरीचा पाइप डोक्यामागे हवा की बाजूला, हे तुमचा हात ठरवतो.

भाजीवाल्याकडचं किंवा डेअरीचं प्लास्टिकचं क्रेट घ्या आणि सीटमागच्या खोलगट जागेत बंजी दोरीने बांधा. क्रेटच्या कोपऱ्यांना दीड इंची पीव्हीसी पाइपचे फूटभर तुकडे झिप टायने आवळले की गरी ठेवायच्या नळ्या झाल्या. पाइप थोडे मागे-बाहेर कलते ठेवा. वरच्या तोंडाला खाच पाडली की रिळाचा दांडा तिथे बसतो आणि गरी फिरत नाही. क्रेटमध्ये आमिषाचा डबा, शिशाची वजनं, तंगूस (गळाचा नायलॉन दोरा), पक्कड. पक्कड लांब नाकाची हवी, कारण खाडीत शेंगाळा मासा लागतोच आणि त्याचे काटे विषारी, हाताने गळ काढायला गेलात तर संध्याकाळ वाया जाते.

वल्ह्याला, गरीला, पकडीला प्रत्येकी एक आखूड दोरी बांधून कयाकला अडकवा. कयाक उलटते तेव्हा जे बांधलेलं नसतं ते सुकतीबरोबर (ओहोटीबरोबर) समुद्रात जातं. मात्र दोऱ्या लांब ठेवू नका, पायांत गुंततात. बांधलेल्या दोऱ्यांइतकाच जवळ एक धारदार सुरा हवा, जॅकेटवर, क्रेटमध्ये नव्हे.

सीट. रिसॉर्टच्या कयाकला पाठीला काही नसतं आणि दोन तासांत कंबर बोलायला लागते. चार हुकांवर अडकणारी पाठीची गादी घ्या. कयाकला हुक अडकवायची कडी नसेल तर पहिली भोकं तिथे पाडायची, ती रास्त. रुंद कयाकला वल्हं २३० ते २५० सेंटिमीटर लागतं, भाड्याच्या कयाकबरोबर येतात ती बऱ्याचदा आखूड असतात आणि गुडघ्यावर पाणी सांडत राहतं.

भोक पाडायचंच तर

पाण्याच्या रेषेच्या खाली कधीच नाही. भार ठेवून कयाक पाण्यात सोडा आणि पाणी कुठवर येतं तिथे मार्करने खूण करा, मग ठरवा. ड्रिल लावण्याआधी हॅचमधून हात घालून पलीकडे काय आहे ते चाचपा, स्कपरची नळी किंवा आतला फोमचा खांब तिथे असू शकतो.

जिथे हात पोचतो तिथे नटबोल्ट, आतून मोठा वायसर. वायसर मोठा असल्याशिवाय मऊ प्लास्टिक ओढ सहन करत नाही. जिथे पोचत नाही तिथे रिव्हेट, पण साधा पॉप रिव्हेट नको, त्याचं मागचं टोक बारीक असतं आणि प्लास्टिकमधून उपटून येतं. मागे तीन पाकळ्या उघडणारे ॲल्युमिनियमचे रिव्हेट मिळतात, ते घ्या.

बोल्ट ३१६ ग्रेडचे स्टेनलेस मागा. गावच्या हार्डवेअरमध्ये स्टेनलेस म्हणून बरेचदा २०२ ग्रेड मिळतं आणि ते खाऱ्या पाण्यात एका मोसमात गंजाचे ओघळ सोडतं. ३०४ मधलं. लोहचुंबक लावून यांच्यातला फरक कळत नाही, त्यामुळे ग्रेड छापलेलं पाकीट किंवा विश्वासाचा दुकानदार हवा. आणि स्टेनलेसचा बोल्ट ॲल्युमिनियमच्या पट्टीत घालू नका, मिठाच्या पाण्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

प्रत्येक भोकावर, वस्तू बसवण्याआधी, जुन्या सायकलच्या ट्यूबची चकती कापून घाला. त्यावर समुद्रकामाचं पॉलियुरेथेन सीलंट. सीलंट प्लास्टिकला फारसं धरत नाही, पण रबराबरोबर दाबलं गेलं की पाणी अडवतं. नट आवळताना प्लास्टिक खोलगट व्हायला लागलं की थांबा.

नांगर

दीड किलोचा, मिटणाऱ्या चार नख्यांचा नांगर खाडीला पुरतो. दोरी खोलीच्या किमान तिप्पट, वाहतं पाणी असेल तर पाचपट. महत्त्वाचं म्हणजे तो कुठे बांधता. बसल्या जागी बाजूला बांधलात आणि सुकती जोरात असेल, तर पाणी कयाकच्या बाजूवर येतं, दोरी ताणते, कयाक कलते आणि उलटते. नांगर नेहमी पुढच्या किंवा मागच्या टोकाशी.

बसून तिथे हात पोचत नाही, म्हणून कडेला पुढून मागे दोरीचा एक फेर करतात. दोन्ही टोकांना छोटी कप्पी, मध्ये एक कडी. नांगराची दोरी कडीतून घ्यायची आणि फेर ओढून कडी टोकाला न्यायची. कप्प्या हँडलांना बांधल्या तर भोकही पाडावं लागत नाही. नांगराची दोरी एका झटक्यात सुटेल अशा गाठीने अडकवा आणि तिच्या टोकाला रिकामी बाटली बांधा, म्हणजे घाईत सोडून द्यावी लागली तर नंतर येऊन उचलता येते. कंबरभर पाण्यात, चिखलाच्या तळाला, नांगरापेक्षा वेळूची काठी रोवणं सोपं. ती सहज येते आणि सहज निघते.

पाण्यात

पहिल्यांदा छातीभर, स्थिर पाण्यात, सोबत कुणीतरी असताना उतरा. गरी घरी ठेवा. कयाक मुद्दाम उलटी करा, सरळ करा, बाजूने पोटावर चढा, वळून बसा. दमलेले असतानाही हे जमेपर्यंत करा. मग तासभर वल्हवून किनाऱ्यावर या आणि बूच उघडा. पेलाभर पाणी निघालं तर चालतं, तांब्याभर निघालं तर पुन्हा खुर्च्यांवर.

नारळी पौर्णिमेला कोळी समुद्राला नारळ देतात आणि मासेमारीला लागतात. त्यांच्या होड्या आणि त्यांचा अनुभव वेगळा, आपण दसऱ्यापर्यंत थांबलेलं बरं. तेव्हाही खाडीत राहा, खाडीच्या मुखाबाहेर जाऊ नका.

भरतीचा अंदाज घ्यायला तिथीची पाऊणपट करायची जुनी रीत मुंबईच्या आसपास चालते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती, चतुर्थीला तीनच्या. तिथून सव्वासहा तासांनी पूर्ण सुकती. नेमक्या वेळेसाठी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघाच, पण ही रीत येत असेल तर मोबाईल भिजला तरी माणूस अडत नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याची ओढ फार, सप्तमी-अष्टमीच्या भांगाला कमी. शिकताना भांगाचे दिवस निवडा. भरतीबरोबर खाडीत आत जा, पाणी फिरलं की परत या. पण अगदी पूर्ण सुकतीला धक्क्याशी पोचू नका. तिथे गुडघाभर चिखल उघडा पडतो आणि तीस किलोंची कयाक त्यातून ओढताना मासेमारीची हौस फिटते. जिताडा आणि तांबोशी कांदळवनाच्या कडेला सापडतात, तेव्हा अशा वेळा साधाव्याच लागतात.

जाण्याआधी गावातल्या मच्छीमारांना विचारा. कुठे जाळी लावलेली आहेत, कुठे खडक आहेत हे त्यांना ठाऊक असतं, आणि त्यांच्या जाळ्यावर नांगर टाकणं हा गुन्हाच समजा. सावित्री आणि वाशिष्ठी नद्यांत, गोव्यात कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत. तिथे कडेला पाय सोडून बसू नये आणि पकडलेला मासा पाण्यात लोंबकळत ठेवू नये. मालवणला १९८७ मध्ये सागरी अभयारण्य जाहीर झालं, त्याच्या हद्दीत निर्बंध आहेत. धरणांत मासेमारीचे हक्क बहुधा सहकारी संस्थांकडे असतात, तिथे आधी परवानगी.

जॅकेट फोमचं, घातलेलं आणि आवळलेलं. शिट्टी त्यालाच बांधा. अंधार पडायची शक्यता असेल तर पांढऱ्या उजेडाचा टॉर्च हाताशी हवा, समोरून येणाऱ्या होडीला वेळेवर दाखवायला. फोन पाणीबंद पाकिटात, त्यात तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर जतन केलेला. कुठून निघालो आणि कधी परतणार हे घरी सांगून जा.

निगा

कयाक कारच्या टपावरून नेताना पट्टे आवळा, पण प्लास्टिक दबेल इतके नको. पट्ट्याला एक पीळ दिला की वाऱ्याने तो गुणगुणत नाही. १२ फुटी कयाक छोट्या कारएवढीच लांब असते, मागे बाहेर आलेल्या टोकाला लाल फडकं बांधा.

परत आल्यावर गोड्या पाण्याने धुवा. रिळाचे आणि कप्प्यांचे सांधे विसरू नका. बूच आणि हॅच उघडे ठेवून सावलीत वाळवा. सपाट तळावर ठेवू नका, कुशीवर किंवा उलटी, दोन रुंद पट्ट्यांवर. हँडलाला टांगून तर मुळीच ठेवू नका, वाकते. पावसाळ्याआधी कोकणात होड्या झावळ्यांनी शाकारतात, तुमच्याकडे झावळ्या असतील तर ताडपत्रीपेक्षा त्या चांगल्या, खालून हवा खेळते. वाळल्यावर बुचाच्या भोकावर मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा रबरबँडने लावा. पाणी सुकत राहतं आणि कुंभारीण आत घर करत नाही.